साडेपाचची फेरी

संध्याकाळचे साडेपाच वाजले की सरोजिनीबाई पर्स काखेला लावायच्या, पदर सारखा करायच्या, पायात चपला सरकवायच्या आणि दाराशी उभ्या राहून सुधाकररावांना म्हणायच्या, "बराच उशीर झाला हो. आता मला घरी सोडा."

आता घर त्यांचंच. चंदनसारला बत्तीस वर्षांपूर्वी बांधलेलं. पुढे चार हात अंगण, अंगणात गाडी, गाडीपुढे लोखंडी गेट. वास्तुशांतीला शालू नेसून होमाला बसलेल्या बाई त्याच. पण गेली तीन वर्षं ऊन कललं की हेच घर त्यांना परकं व्हायचं. सकाळी सगळं ठीक असायचं. दुपारी नवऱ्याचं नाव विसरायच्या, तरी हसून वेळ मारून न्यायच्या. साडेपाचला मात्र जीव कासावीस. भिंती अनोळखी, पडदे अनोळखी, आणि समोरचे हे गृहस्थ कोण, तर कुणीतरी भला माणूस.

पहिल्यांदा सुधाकररावांनी समजूत घालून पाहिली. "अगं, हेच आपलं घर." नावाची पाटी दाखवली, लग्नाचा अल्बम दाखवला, एकदा तर वीजबिल दाखवलं! घाबरलेल्या बायकोला वीजबिल दाखवून धीर येईल असं समजणारा नवरा. काय बोलावं आता. बाई आणखीच घाबरायच्या, कडी हलवायच्या, रडायच्या, अन्नाला शिवायच्या नाहीत. त्यांचं माहेर चांदीपचं, म्हणून तिकडेही एकदा नेऊन पाहिलं. घराच्या जागी कसलंसं गोदाम उभं होतं. बाई गाडीतून उतरल्याच नाहीत.

मग एकदा काहीच सुचेना तेव्हा त्यांनी बाईंना नुसतं गाडीत बसवलं आणि निघाले. नाक्यापर्यंत गेले, पाण्याच्या टाकीला वळसा घातला, पलीकडच्या रस्त्याने हळूहळू हिंडवलं. जीवदानीच्या डोंगरावर दिवे लागत होते, बगळे घरी चालले होते. अर्ध्या तासाने त्यांनी आपल्याच गेटात गाडी आणून उभी केली आणि चाचरत म्हणाले, "आलं ना घर?"

बाईंनी काचेतून घराकडे पाहिलं. नंतर सुधाकररावांच्या तोंडाकडे. मग म्हणाल्या, "हो. आलं." उतरल्या, हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला आणि गुमान जेवायला बसल्या.

झालं! सुधाकररावांना गड जिंकल्यासारखं वाटलं. तेव्हापासून ही फेरी रोजची झाली. उन्हाळा असो, पाऊस असो, साडेपाचला गाडी निघणार, सहाला घर येणार. जन्मभर अंधेरीच्या एका कंपनीत ड्रॉइंग बोर्डापुढे उभं राहून रेषा मारलेला हा माणूस. गाडी शिकला ती एकसष्टाव्या वर्षी, आणि अजून गिअर बदलताना ओठ दाताखाली धरायचा. पण फेरी चुकवायचा नाही. आपण किती युक्तीने तिला फसवतो याचा त्यांना थोडा अभिमानही होता. खोटं कशाला सांगा.

आणि मग गल्लीच्या तोंडाशी ते क्रीडासंकुल उभं राहिलं.

व्हावं हो, खेळाचं व्हावं. मुलं खेळली पाहिजेत, त्याला कोण नाही म्हणतंय? पण दोन हजार माणसं बसतील एवढं संकुल बांधणाऱ्याने ती दोन हजार माणसं येतील कशी आणि गाड्या लावतील कुठे, याचा विचार करायचा की नाही? नकाशात गाडीतळ होता म्हणतात. प्रत्यक्षात तिथे वडापावची गाडी आणि मांडववाल्याचे बांबू. सामना असला की अख्खी गल्ली गाड्यांनी गच्च. दारांपुढे, गटारावर, तुळशीवृंदावनाला चाक टेकवून. सुधाकररावांनी गेटावर पाटी लावून तिच्यावर स्वतःच्या हाताने 'येथे वाहन उभे करू नये' असं रंगवलं होतं. ड्राफ्ट्समनची अक्षरं ती, एकेक मोत्यासारखं. लोक त्या पाटीला हेल्मेट अडकवून आत जायचे.

दिवाळीनंतरच्या सामन्याला त्यांची गाडी अशीच आत कोंडली गेली. ते त्या मोटरवाल्याला शोधायला संकुलात गेले आणि इकडे बाई मागच्या दाराने निघाल्या. एकट्या, पर्स काखेला लावून. सापडल्या त्या हायवेच्या दुभाजकावर, दोन्हीकडून ट्रक चाललेले आणि ह्या मधोमध उभ्या. मुलगी क्षितिजा पुण्याहून रातोरात आली. आरडाओरडा केला नाही तिने, तेच वाईट. शांतपणे म्हणाली, "बाबा, पुन्हा एकदा असं झालं ना, तर आईला मी संस्थेत ठेवणार. जागा बघून ठेवलीय. तुम्ही मला शब्द द्या." सुधाकररावांनी शब्द दिला. आणि तेव्हापासून संकुलाचं वेळापत्रक पंचांगापेक्षा जास्त निरखून बघायला लागले. सामना असला की ते दुपारीच गाडी काढून नाक्यापलीकडे लावून ठेवायचे.

जानेवारीतल्या त्या शनिवारी मात्र घात झाला. मुलींच्या कबड्डीची अंतिम लढत रविवारी होती, ती एक दिवस आधी घेतली. कुणी सांगणार, आणि का सांगणार? सव्वापाचला सुधाकरराव अंगणात आले तर गेटासमोर निळी मोटार. रांगोळी काढावी तशी अगदी नेमकी, मधोमध. तिच्या पुढे गाडी, मागे गाडी, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून वाहनांची रांग मुंगीच्या पावलाने चाललेली.

घरात चपलांचा आवाज झाला.

"जिजाबाई!" त्यांनी शेजारच्या भिंतीवरून हाक मारली. जिजाबाई म्हणजे चंदनसारमधलं जुनं माणूस, तोंडाने तिखट आणि मनाने गूळ. "जिजाबाई, गेटात गाडी आहे हो कुणाची तरी. मी हिला सोडून जाऊ शकत नाही. तुम्ही जरा—"

"नंबर बघून घेते," जिजाबाई पदर खोचत म्हणाल्या. "माईकवर पुकारायला लावते. नाही ऐकलं तर मैदानात मधोमध बसते फतकल मारून. बघतेच कशी चढाई करतात ते!" आणि त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

"बराच उशीर झाला हो," दाराशी सरोजिनीबाई उभ्या होत्या. "मला घरी सोडा ना."

काय करणार? सुधाकररावांनी मुकाट्याने गाडीचं दार उघडलं. बाई बसल्या. ते वळसा घालून स्टिअरिंगपाशी बसले, पट्टा लावला, किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं. पुढे चार हातांवर गेट, गेटापलीकडे ती निळी पाठ. जाणार कुठे, कपाळ!

तेवढ्यात कर्ण्यावरून समालोचकाचा आवाज आला. "निळ्या रंगाची मोटार, एमएच अठ्ठेचाळीस, शेवटचे आकडे बावीस एकोणसाठ. मालकांनी तात्काळ गाडी काढावी, वयस्कर मंडळींची अडचण होत आहे... आणि चढाईला येतेय सांडोरची मर्लिन! मर्लिन, मर्लिन, डावा कोपरा हेरलाय तिने..." एवढा गलका उठला की खिडकीच्या काचा थरथरल्या. गाडीवाला काही आला नाही. पाच मिनिटांनी पुन्हा पुकारलं. पुन्हा मर्लिन चढाईला. पुन्हा कुणी नाही.

"निघा ना," बाई म्हणाल्या. त्यांची बोटं पर्सच्या बंदाशी चाळा करायला लागली होती. आता कडी हलणार, आता रडणं सुरू होणार. सुधाकररावांना ती खूण पाठ होती.

"निघालो की," ते म्हणाले. इंजिन त्यांनी बंद केलं, आणि का कुणास ठाऊक, हात मात्र स्टिअरिंगवरच राहू दिले.

बाहेर अंधारून येत होतं. संकुलाचे मोठे दिवे लागले, धुरकट हवेत पांढरा उजेड भरून राहिला. गेटाबाहेरून वाहनं संथ सरकत होती. त्यांचे दिवे गजांमधून आत यायचे, गाडीच्या छतावरून, बाईंच्या गालावरून, घराच्या भिंतीवरून मागे मागे निघून जायचे. गजांच्या लांब सावल्या अंगणभर धावत होत्या. घटकाभर पाहत राहिलं की कोण उभं आहे आणि कोण चाललंय ते कळेनासं व्हायचं. सुधाकररावांनाही वाटायला लागलं, चाललोच आहोत आपण. ते सावकाश म्हणाले, "हा नाका आला बघ."

"आला?"

"आला. ही टाकी. आता इथून वळूया."

"इथून नका वळू," बाई म्हणाल्या.

"का?"

"रोज तुम्ही इथूनच वळता. मग फिरून फिरून आपण तिथेच येतो."

सुधाकररावांनी मान वळवून बाईंकडे पाहिलं.

बाई पुढे बघतच बोलत होत्या. आवाजात तक्रार अशी नव्हती, उलट जरा संकोच होता. "तुमचा दोष नाही हो. तुम्हाला रस्ता ठाऊक नाही, त्याला तुम्ही तरी काय करणार? एवढे भले गृहस्थ, रोज माझ्यासाठी गाडी काढता. उतरवताना इतक्या आशेने विचारता, आलं ना घर? आता तोंडावर नाही कसं म्हणायचं माणसाला. म्हणून मी हो म्हणते."

तीन वर्षं! तीन वर्षं हा माणूस मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता की मी हिला कसं गोड बोलून घरी आणतो. आणि ती बाई, नाव विसरलेली, गाव विसरलेली, रोज संध्याकाळी त्यांचं मन राखत होती. परक्या घरात उतरत होती, परक्या देवापुढे दिवा लावत होती, भीती पोटात ठेवून जेवत होती. का, तर गाडीवाल्याला वाईट वाटू नये. सुधाकररावांना एकदम इतकं भरून आलं की पुढची काच दिसेना. लाजही वाटली. आणि त्या सगळ्याच्या खाली, अगदी खाली, त्यांना तिचं विलक्षण कौतुक वाटलं. हीच ती, हीच माझी सरोजिनी. कुठेही गेलेली नाही.

त्यांनी डोळे पुसले आणि जन्मात पहिल्यांदा बायकोला अहोजाहो केलं. "मग आज तुम्ही सांगा रस्ता. तुम्ही म्हणाल तिथून घेतो."

बाई सरसावून बसल्या. पर्सचा बंद सुटला हातातून.

"आधी हा मोठा रस्ता ओलांडा. बघून हं, गाड्या फार आहेत. हां. आता दोन्ही अंगाला भातं लागली. लोंब्या कशा वाकल्यात बघा, आठवड्याभरात कापणीला येतील." निघालेल्या एका टेम्पोचा पिवळा उजेड अंगणावरून पसरत गेला, आणि सुधाकररावांना तो भातावरून गेल्यासारखा दिसला. "तो पेंढा रचलाय ना, तिथून उजवीकडे. वास आला?"

"आला," ते म्हणाले. आणि खरंच आला, हो. ओल्या पेंढ्याचा, शेणाचा, कुणाच्या तरी चुलीचा. वडापावच्या गाडीपलीकडून कुठून आला, देव जाणे.

"आता सावकाश. इथे ओढा आहे. कायम पानी असतं."

सुधाकररावांनी चमकून पाहिलं. पानी! चाळीस वर्षं शाळेत पोरांच्या जिभा वळवणारी ही बाई. 'पानी नाही रे, पाणी, पाणी' म्हणून फळ्यावर छडी आपटणारी. स्वतःची चांदीपची बोली तिने लग्नाच्या पहिल्या वर्षातच पेटीत घालून ठेवली होती. त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. आता ती तोंडातून निघाली ती सात-आठ वर्षांच्या मुलीच्या आवाजात.

"पाय वर घ्या," बाई म्हणाल्या. "नायतर भिजाल."

त्यांनी पेडलवरचे पाय उचलले. बाईंनीही उचलले होते. साडी घोट्याच्या वर धरलेली, टाचा सीटला टेकलेल्या, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे सुधाकररावांनी गेल्या तीन वर्षांत पाहिलं नव्हतं. अंगणात उभ्या गाडीत दोन म्हातारी माणसं पाय वर घेऊन बसली होती आणि खालून ओढा चालला होता.

नेमक्या त्याच वेळी गेटाच्या गजातून कुणीतरी हाका मारल्या. "अंकल! सॉरी, अंकल! पोरगी खेळत होती माझी, नंबर ऐकला मी, पण शेवटच्या चढाया... पाय निघेना हो. आता काढतो गाडी, लगेच काढतो!"

चाळिशीचा माणूस होता, घामाघूम झालेला. मागे त्याची मुलगी, गळ्यात पदक, गुडघ्याला खरचटलेलं. सुधाकररावांनी काच खाली केली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"काढू ना गाडी?" तो माणूस कुजबुजला.

"नको," सुधाकरराव तितक्याच हळू म्हणाले. "आम्ही ओढ्यात आहोत."

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं. मग पलीकडे बसलेल्या बाईंकडे, त्यांच्या वर घेतलेल्या पावलांकडे, मिटत आलेल्या डोळ्यांकडे. सांडोरचा बागायतदार गडी, जेन्सन त्याचं नाव. त्याच्याही घरी कुणी असं असेल, नसेल, काय ठाऊक. पण त्याने काही विचारलं नाही. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाला, "बरं, अंकल. सावकाश घ्या. दगड बुळबुळीत असतात." मग तो आणि त्याची मर्लिन समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले, आवाज न करता. जिजाबाई ताडताड भांडायच्या तयारीने आल्या होत्या. त्यांनाही जेन्सनने हातानेच थोपवलं. त्या थांबल्या! जिजाबाई थांबल्या म्हणजे बघा.

"लागला काठ," बाई म्हणाल्या आणि पाय खाली सोडले. "आता चढ आहे थोडा. ते शेवग्याचं झाड. बस्, बस्, इथेच थांबवा. आलं."

सुधाकररावांनी ब्रेक दाबला.

बाई स्वतःच्या हाताने दार उघडून उतरल्या. अंगण ओलांडलं, पायरी चढल्या. रोज ज्या उंबऱ्याशी त्या अडखळायच्या, तो त्यांनी न पाहता ओलांडला. आत जाऊन भिंत न चाचपता दिव्याचं बटण दाबलं. मग मागे वळल्या. सुधाकरराव अंगणातच उभे होते.

"असे बाहेरून काय जाता?" बाई म्हणाल्या. "या ना आत. इतक्या लांबून सोडायला आलात."

सुधाकररावांनी चपला बाहेर काढल्या. बत्तीस वर्षं आपल्या आरामखुर्चीवर बसणारा माणूस, तो दाराजवळच्या त्या खुर्चीवर टेकला, जिथे पोस्टमन आणि वर्गणीवाले बसतात. आत भांड्याचा आवाज झाला. बाईंनी तांब्याभांडं आणलं, सोबत वाटीत गुळाचा खडा. कुठलं कपाट, कुठला डबा, कुणाला विचारलं नाही.

सात वाजले, खिशात फोन वाजला. क्षितिजा रोज याच वेळेला करायची.

"बाबा, आज सामना होता ना तिकडे? आत्ता वाचलं मी. आई कुठेय?" तिचा श्वास वर लागला होता. "आई घरी आहे ना?"

सुधाकररावांनी समोर पाहिलं. बाई सोफ्यावरची उशी नीट करत होत्या, गुणगुणत होत्या. "हो गं," ते म्हणाले. "आज पोचली."

फोन ठेवून ते पाणी प्यायले. बाहेर जेन्सनची गाडी एकदाची सुरू झाली, हळूच मागे पुढे होत निघून गेली. गेट मोकळं झालं. आता त्याचं काय करायचं होतं?

"छान आहे घर," सुधाकरराव म्हणाले. पाहुण्याने काहीतरी बोलायला हवं. "कोण कोण असतं इथे?"

"मी असते," बाई म्हणाल्या. "आणि आमचे हे."

तिच्या या घरात, भातापलीकडच्या, ओढ्यापलीकडच्या घरात आपण असू, असं सुधाकररावांना वाटलं नव्हतं. विचारायची भीतीच वाटली, तरी विचारलं. "कुठे गेलेत ते?"

बाईंनी दाराबाहेर पाहिलं. सामना सुटला होता. गाड्यांचे दिवे एकामागून एक, टोक दिसेना अशी रांग, भोंगे, शिट्ट्या, अर्धा चंदनसार रस्त्यावर.

"येतील एवढ्यात," त्या म्हणाल्या. "गाडी लावायला जागा शोधत असतील बिचारे. तुम्ही बसा. भेटूनच जा."

"बरं," सुधाकरराव म्हणाले. "थांबतो मी."